दोन खटके

मंगळवारी रात्री नऊला
बंबखान्यामागच्या खोलीत आम्ही हजेरी घेतो.
आम्ही म्हणजे चिलोएच्या या टोकाचा हौशी रेडिओ क्लब:
सभासद अकरा, खुर्च्या आठ,
बिनझाकणाची एक किटली,
आणि छतावरची अँटेना, जी दर वाऱ्यानंतर
एलिएसेर बार्रिया सरळ करतो
नि दर वेळी म्हणतो, ही शेवटची.

नोंदवही माझ्याकडे.
वेळ, नाव, आवाज कसा पोचला, पाचपैकी किती.
हाक मारली की काळोखातून एकेक बेट वर येतं:
ओर्तेन्सिया, मागे शिवणयंत्राची घरघर;
सालमन केंद्रावरचा रात्रपाळीचा पोरगा,
अर्धं नाव, अर्धी जांभई.
मग मी म्हणते, ओविदियो.
आणि थांबते.

खट्. खट्.

घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेला,
बटण दाबणारा अंगठा राहिला.
मी लिहिते: ओविदियो कार्कामो, हजर, पाचपैकी पाच.

एकदा खजिनदाराने विषय काढला,
जो बोलतच नाही त्याची वर्गणी माफ करावी का.
ओविदियोने मोर्समध्ये उत्तर पाठवलं.
लांब, आखूड, आखूड, लांब;
जुनी मंडळी हसता हसता खोकायला लागली.
नवी मुलगी, यानिरा, विचारत राहिली, काय म्हणाला?
कोणी सांगेना.
मी वहीत लिहिलं: हरकत नोंदवली.
वर्गणी त्याने पुरती भरली, सुट्ट्या नाण्यांत,
वर बटाट्याचं एक पोतं.

लोक म्हणतात, फोन असताना हे कशाला?
खरं आहे. फोन माझ्याकडेही आहे.
आणि एरवी आम्ही काय बोलतो?
बॅटऱ्या. गुडघे. बॅटऱ्यांचे भाव.

जूनच्या वादळात टेकडीवरचा टॉवर आडवा झाला.
तीन दिवस फोन म्हणजे नुसता आरसा.
लोक दाराशी आले, भिजक्या चिठ्ठ्या घेऊन:
आईला सांगा, आम्ही शाळेत झोपलोय.
गाय सापडली.
किल्ली शेजारी दिली आहे.
एकजण म्हणाला, ही मोठ्याने वाचू नका.
मग बेटाला ऐकू कशी जाणार?
वाचली. त्याने मागितलेली माफी
अख्ख्या द्वीपसमूहाने ऐकली.
बायकोचं उत्तर यायला दोन दिवस लागले,
आणि त्यात वादळाचा दोष नव्हता.

दुसऱ्या रात्री, तीनच्या सुमारास, खटके.
दोन नव्हे. थांबेचनात.
यानिराने खांद्याला धरून मला हलवलं,
दुसऱ्या हातात पेन्सिल:
शेजारचा मुलगा. इन्सुलिन. उद्यापर्यंतच.
उजाडताच नौदलाची बोट निघाली.
मुलगा बरा आहे, नववीत आहे,
रेडिओत त्याला काडीचा रस नाही.

वहीत मी लिहिलं: ३.१० वाजता संदेश मिळाला.
सालमन केंद्रावरच्या पोराने नंतर सांगितलं,
खटके अडीचपासून येत होते,
त्याला वाटलं, खरखर आहे.
चाळीस मिनिटं तो अंगठा एकच वाक्य दाबत होता.
यानिरा जनरेटरपाशी होती.
मी माइकपाशी. झोपलेली.
हे वहीत नाही.

पुढच्या मंगळवारी, हजेरीत,
ओविदियोच्या नावाशी आल्यावर
मी बटण दाबलं आणि सगळं सांगितलं,
अडीच ते तीन दहा.
सोडलं.
शिवणयंत्रसुद्धा थांबलं होतं.

मग लांब, आखूड, आखूड, लांब:
तेच, वर्गणीच्या वेळचं.

यानिरा खुर्चीवरून पडायची राहिली.
आता तिला मोर्स येतं.
मी वहीत लिहिलं: हरकत नाही.