सूतभर

सांवेर रोडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला
कुणी सांगू नये चूक कुठे असते ते.
सूतभर सरकलं की जॉब भंगारात.
चूक असतेच. शोधली की सापडते.

पन्नास मीटरवर सुनीतीच्या दहातल्या तीन गोळ्या
डावीकडे खाली जायच्या,
घड्याळात सात वाजतात तिथे.
रविवारी महूहून येताना बसमध्ये
ती टार्गेटचा कागद मांडीवर पालथा धरून बसायची.

म्हणून डिसेंबरभर, रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत,
जेवणं उरकली की टेबलावर पेपर पसरायचा,
त्यावर तिची पॉइंट टू टू,
बोल्ट काढून, तोंड भिंतीकडे.

मी आधी स्क्रू धरले.
लाकडात नळी बसवणारे दोन. पुढचा जास्त आवळलेला.
टॉर्क रेंचनं दोन्ही एका मापात आणले.
मग नळीचं तोंड, भिंगातून. ओरखडा नाही.
मग काडतुसं: मायक्रोमीटरनं
एकेकाच्या बुडाची कड मोजली,
जाड, मध्यम, पातळ,
गजकच्या रिकाम्या डब्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून.
गालाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
तोही तिनं अर्धा कापायला लावला.

तीनाच्या दोन झाल्या.
दोन राहिल्या.

"बाबा, बंदूक पुरे. आता मला बघा."

चेंबरमध्ये उडालेली पुंगळी,
नाहीतर पिन कडेवर आपटून खड्डा पाडते.
भिंतीवर मोहरीएवढा काळा ठिपका.
नळीच्या टोकाशी एक रुपया.
घोडा दाबायचा, रुपया पडता कामा नये.

टक्. जागेवर.
टक्. जागेवर.
टक्,
आणि फरशीवर छन्न.

मी वही काढली.
खांदा, कोपर, श्वास, चहा घेतला की नाही,
पंखा बंद की चालू,
सगळ्याचे रकाने आखले.
तिच्या पाठीमागे स्टूल टाकून
अकरा रात्री लिहीत बसलो.
आकडे कशालाच जुळेनात.

बाराव्या रात्री वरचे मुळ्ये खाली आले,
"चलो भिया, सराफ्यात गराडू खाऊ."
ती म्हणाली, जा ना बाबा.
जरा पटकनच म्हणाली.

परतलो तेव्हा दार सूतभर उघडं होतं.
चप्पल काढत होतो. आतून,
टक्.
मी एका पायावर थांबलो.
टक्.
टक्.
हातात तिच्यासाठी आणलेला द्रोण गार होत गेला,
जिरावन ओलं झालं.
चाळीस मोजले.
छन्न एकदाही नाही.

वहीत एक रकाना आखायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी म्हणालो,
डॉक्टरांनी रात्री चालायला सांगितलंय.
"कोणत्या डॉक्टरांनी?"
मी मफलर शोधत राहिलो,
ती ठिपका बघत राहिली.

राजवाड्यापर्यंत जाऊन यायला
सत्तावीस मिनिटं लागतात.
मी चाळीस लावतो.