पिवळी प्रत

पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने,
दुसरा आणि चौथा निळ्या. हा नियम.
टेबलावरच्या माणसाने टाळी वाजवायची नाही, हाही नियम.
एकोणीस वर्षं दोन्ही पाळतोय.

फोंड्याच्या हॉलमध्ये आज मुलींची फायनल,
केपे विरुद्ध म्हापसा, चार वाजता.
मुलांची साडेपाचला, म्हणून पाहुणेही साडेपाचला,
तोवर समई आणि हार माझ्या टेबलाखाली,
पायाला सारखा नारळ लागतोय.
पंखे निम्मेच चालू.
"गर्दी जाली म्हणटकच हेर लावया," सांतान म्हणाला,
आणि स्टुलावर जाऊन झोपला.

खुर्च्या चारशे.
बसलेत: उर्सुला बार्रेटोची आई, मांडीवर पावांची पिशवी
(मध्यंतरात ती निम्मी रिकामी झाली, दोन्ही संघांत);
कुणाचा तरी धाकटा भाऊ, डोकं मोबाइलमध्ये;
केप्याच्या बसचा ड्रायव्हर, ज्याला मॅच संपेतो सुटका नाही;
आणि दोन मुलगे, मुलांच्या मॅचसाठी जागा धरायला आलेले.
तीसेक खुर्च्यांवर त्यांनी रुमाल पसरलेत.
रुमाल धरले तर गर्दी बरी आहे.

रिकाम्या हॉलचं एक आहे, ऐकू फार येतं.
बुटाची किंकाळी, कुणाची शिवी, लगेच "सॉरी टीचर",
आणि जाळीतून चेंडू सरळ गेला
की ओला टॉवेल झटकल्यासारखा आवाज.
भरलेल्या हॉलमध्ये तो मी कधी ऐकलेला नाही.

सात नंबर, सुरंगी वेळीप. डावखुरी.
डोंगरातून येते; पहाटेची कदंबा चुकली की सराव चुकला.
तीन वर्षांत तिचे चारशे अकरा गुण माझ्या अक्षरात आहेत,
आणि पेपरात एकदा नाव आलं ते 'सुरेखा' असं.

रस्त्यापलीकडे गावच्या फुटबॉलची फायनल,
भोंग्यावर कॉमेंट्री, भिंत मध्ये नसल्यासारखी.

अठरा सेकंद उरले, केपे एका गुणाने मागे.
सुरंगी तिघींमधून वळली, उडाली,
चेंडू रिंगवर बसला, जरा विचार केला, आत पडला,
आणि त्याच क्षणी
दोन हजार माणसं ओरडली.
ताशे. फटाक्यांची माळ.

ती जागच्या जागी थांबली.
वर पाहिलं, गॅलरीकडे.
काय झालं असेल त्या अर्ध्या सेकंदात तिच्या चेहऱ्याचं
ते लिहायला माझ्या कागदावर रकाना नाही.

मग तिला कळलं. मग सगळ्यांनाच.
म्हापशाने टाइमआउट घेतला, पण कोचकडे कोण जातंय!
आधी सुरंगी हसली, मग बार्रेटो,
नुकतीच एका गुणाने मागे पडलेली बार्रेटो,
आणि दहाही जणी भिंतीकडे तोंड करून
कमरेत वाकल्या,
नाटक संपल्यावर वाकतात तशा.
बार्रेटोची आई पाव खाली ठेवून उभी राहिली.
माझे हात मी टेबलाखाली नेले.
तिथे नारळ होता, तो धरून बसलो.

चार सेकंद असताना बार्रेटोने लांबून टाकला. गेला.
त्या वेळी भिंत गप्प होती.

आता सह्या. पांढरी प्रत संघटनेला, गुलाबी जिंकलेल्यांना,
पिवळी, कार्बनची सगळ्यात खालची, हरलेल्यांना.
सुरंगी ती न्यायला आली, केसांतून घाम ठिबकत.
"सर, म्हजो तो बास्केट हातूंत आसा न्ही?"
होता, पण फिक्का, असून नसल्यासारखा.
मी तिच्यादेखत तो निळ्या पेनने पुन्हा गिरवला.
हे नियमात बसत नाही.

खाली रकाना: प्रेक्षक, अंदाजे.
दरवर्षी दोन्ही मॅचचा मिळून एकच आकडा घालतो,
सहाशे, सातशे.
आज मुलींपुढे वेगळा लिहिला. पाच.
सांतान धरून सहा होतात, पण तो झोपला होता.

दारातून पोरं आत घुसायला लागली,
रुमाल उचलले जाऊ लागले,
आणि सांतानने उरलेले पंखे लावले.
तिच्या हातातला पिवळा कागद फडफडला.
तिने त्याची चौपदरी घडी केली,
मोज्यात खुपसली,
आणि ड्रायव्हर हॉर्न मारत होता म्हणून पळाली.