विधान तेविसावं

इरफाननं झेरॉक्स आणून दिलीय.
मागच्या वर्षी तो शोरूमच्या परीक्षेला बसला होता,
आता तिथंच, उचगावच्या हायवेला,
अॅक्सेसरीजच्या काउंटरमागं उभा असतो, टाय लावून.
"चाळीस प्रश्न, तीस मिनिटं. गणित सोपं हाय गं.
स्वभावाचं तेवढं जपून."

म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून
रेक्झिनच्या गुंडाळ्यांना टेकून
मी माझा स्वभाव पाठ करायला बसलोय.
बसलेय.
हेही त्यानंच सांगितलं, मुलाखतीत "करतो, येतो" नको,
साहेब पुण्याचा आहे, दचकतो.
सत्तावीस वर्षं मी येतोच म्हणून घरातनं निघालोय,
कुणी दचकलं नाही.

विधान चौथं: मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं.
पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत.
विधान सतरावं: गर्दीत मी थकून जाते.
विधान एकोणतिसावं: तेच चौथं, शर्ट बदलून आलेलं.
"तिन्हीकडं त्यांना एकच पोरगी भेटली पाहिजे,
तीन निघाल्या तर गेलीस.
आणि तटस्थवर सारखी टिक नको."

तटस्थ!
ह्या गावात तो गोल कोण भरतं?
पेठेची मॅच हरली की आमचा दूधवाला
आठवडाभर समोरच्या गल्लीत रतीब उशिरा घालतो.
माझ्या मावसबहिणीच्या पंगतीत दोन व्याह्यांनी
अकरा वर्षांपूर्वीचा एक ऑफसाइड उकरून काढला,
जिलबी तशीच राहिली.

विधान तेविसावं:
सहकाऱ्यानं किरकोळ वस्तू नेताना दिसल्यास
मी तात्काळ वरिष्ठांना कळवेन.
इरफानची निळी टिक, पूर्ण सहमत.
बरोबर उत्तर तेच, मलाही कळतं.

दस्तगीर आमच्याकडं शिलाईला होता तेव्हा
संध्याकाळी शर्टात तुकडे घालून न्यायचा,
कधी चॉकलेटी, कधी राखाडी, वीत दीड वीत.
मी अप्पांना सांगितलं. तात्काळ. वरिष्ठांना.
अप्पांनी नुसतं "हं" केलं.
दुसऱ्या दिवसापासनं ते कापड जरा सैल बेतायला लागले
आणि तुकडे मोठे पडायला लागले.
जूनमध्ये दस्तगीरची बहीण शाळेत निघाली
मारुतीच्या मागच्या सीटचं दप्तर पाठीला लावून,
दुहेरी शिलाईचं, चेनसकट.

पूर्ण सहमत लिहिलं. खोडलं.
असहमत लिहिलं. खोडलं.
कागद तिथं एवढा पातळ झालाय
की खालच्या रेक्झिनचा रंग वर येतोय.

पुढं गणित.
मी मोठ्यानं वाचलं: अॅक्सेसरीज पॅक बावीस हजार पाचशे,
सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप धरून, सूट बारा टक्के,
ग्राहकानं किती द्यायचे?
"एकोणीस हजार आठशे," अप्पा म्हणाले,
मशीनला तेल घालता घालता, वर न बघता.

मग कुपी खाली ठेवली.
"सीट कव्हर बी तितंच देत्यात व्हय?"
"देतात."
"शिवतंय कोण?"
"तयार येतात, अप्पा. खोक्यातनं."
बराच वेळ ते हाताचं तेल पुसत राहिले,
पुसून झालं तरी.
"एकेरी शिलाई का दुहेरी?"

मला माहीत नव्हतं.
झेरॉक्सभर कुठंच नव्हतं ते.
"इचारून घे उद्या," म्हणाले,
"गिऱ्हाईक इचारंल."