काटा मधोमध

डॅशबोर्डला तीन भोकं पाडून झाली,
मग निसार अत्तार म्हणाला, आता सांग, यात काय बसवायचं.
नाना पेठेत असंच चालतं.
आधी ड्रिल, मग विचार.

गाडी सत्त्याण्णवची एस्टीम,
टर्बो भंगारातला,
त्याच्या अंगावर अजून कुणाच्या तरी खडूचा नंबर.
काउंटरवर डायल मांडलेले: पांढरे, काळे,
एक निळ्या उजेडाचा, पानटपरीसारखा.

बूस्टचा तर घ्याच ताई, म्हणाला निसारचा पोऱ्या,
शेजारी बसणारे तोच बघतात.
काटा कसा उसळतो ते त्यानं हातानं करून दाखवलं.
खरं सांगायचं तर मलाही तोच हवा होता.
पण खंबाटकी आठवली.

गेल्या वैशाखात, दुसऱ्या वळणानंतर,
वाफ आधी नाकाला कळली, मग डोळ्यांना.
आणि कंपनीचा काटा?
मधोमध.
गॅस्केट गेली, हेड वाकलं,
तो मधोमध.
त्याला शिकवलेलंच असतं तसं, निसार सांगतो,
थोडं तापलं तरी मधोमध, बरंच तापलं तरी मधोमध,
गिऱ्हाईक उगाच घाबरू नये म्हणून.
हाताबाहेर गेल्यावरच हलायचं.

आमच्या घरी याला ‘बरं आहे’ म्हणतात.
आईचं ऑपरेशन ठरलं त्या आठवड्यातही
पपांनी फोनवर तेवढंच सांगितलं होतं.

म्हणून पहिला पाण्याचा, आकडेवाला,
ज्याला ब्याण्णव आणि शहाण्णवमधला फरक लपवता येत नाही.
दुसरा ऑइल प्रेशरचा.
तो कुणाला कौतुकानं दाखवावा असा नाही.
तो पडला की आपल्याकडे
पाय उचलण्यापुरता वेळ असतो,
का पडला हे विचारण्यापुरता नसतो.

तिसऱ्यावर अडलं.
पपांना फोन लावला. चौतीस वर्षं त्यांनी
आकुर्डीला टेस्ट बेडवर इंजिनं ऐकली,
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक ब्लॉकला, एक कानाला.
उजवा कान तिथंच राहिला.
शलाका, म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्यानं,
एकूण किती काटे बघणार आहेस?
रस्त्याकडे कोण बघणार?

बूस्टचा घेतला.
निसार काही बोलला नाही. खोकं फोडलं.

रविवारी पहाटे पपांना घेऊन कात्रजच्या जुन्या घाटात.
पाणी एक्क्याण्णव. प्रेशर चार.
बूस्ट उसळला, अगदी त्या पोऱ्याच्या हातासारखा.
पपा तिघांकडे आळीपाळीनं बघत होते
दहावीचा निकाल बघावा तसे.
बोगद्याच्या अलीकडे गाडीनं दोन उचक्या दिल्या
आणि गप्प झाली.
पाणी ब्याण्णव. सगळं उत्तम.

पेट्रोल.
तो काटा दोन वर्षं मेलेला आहे,
मी किलोमीटर मोजून भरते,
आणि टर्बो आल्यावर हिशेब बदलतो
हे काटे निवडण्याच्या नादात राहून गेलं.

दुधाच्या टेम्पोतून खाली कात्रज चौकात गेले,
बाटली घेऊन अर्ध्या तासानं परत.
पपांनी बॉनेट उघडलं होतं.
डिकीतला स्क्रू-ड्रायव्हर ब्लॉकला टेकवलेला,
डावा कान मुठीवर.
पपा, बंद आहे ना ती.
माहितीये, म्हणाले. गार होताना ऐकतोय.

मी थांबले. लोखंड टिकटिकत होतं,
मला तर दोन हातांवरून ऐकू येत होतं.

काय म्हणतीये, मी विचारलं.
त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला, रुमालानं पुसला.
या कानानंही आताशा नीट येत नाही गं, म्हणाले,
रस्त्याकडे बघत.
एवढं पहिल्यांदाच.

मग डिकीतल्या जुन्या पेपरचं नरसाळं केलं,
ते त्यांनी धरलं, मी ओतलं.
थोडं सांडलं त्यांच्या बोटांवर.