सरळ जाणारा पिवळा

चौगुले मॅडमनी रुमालातनं काढून ठेवलं:
एक लोलक, पाचरीसारखा, वीस अंशांचा,
आणि एक काच, जिच्यावर काहीच नव्हतं.
"आहे की," म्हणाल्या. "मिलिमीटरला तीनशे रेघा."

उद्यमनगरात तीस वर्षं आटे पाडतोय मी.
मिलिमीटरात दोन, फार तर चार
पाडून दाखवले की गिऱ्हाईक चहा पाजतं.
तीनशे.
काच तिरकी धरली तशी ट्यूबलाइट
तिच्यात मोराच्या मानेगत हलली.

काम पितळी नळीचं. दोन्ही काचा पाठीला पाठ,
मधी केसभर फट नको.
दोन कशाला, मी विचारलं, एकीनं भागत नाही?
त्यांनी माझाच खडू घेऊन फरशीवर रेघ ओढली.
रेघांची जाळी किरणाला ढकलते एका अंगाला,
तांबड्याला जास्त.
लोलक ढकलतो उलट्या अंगाला,
जांभळ्याला जास्त.
"म्हंजे भांडण," इरफान शिकलगार म्हणाला, बफिंग थांबवून.
"वाकणं वजा होतं," मॅडम म्हणाल्या,
"पसरणं मात्र बेरीज."

पहिल्या खेपेला लोलक उलटा बसवला मी.
किरण नळीतनं निघाला तो तडक कपाटाकडं,
जसा एखादा शाफ्ट बाक धरून येतो
आणि लेथला लावला की फडफडतो.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
नळी परत माझ्या हातात.

दुसऱ्या खेपेला आम्हीच गेलो कॉलेजात, दोघं.
सोडियमचा दिवा आधी गुलाबी जळतो,
दहा मिनिटं तसंच बसायचं,
मग हळदीगत पिवळा.
नळीला डोळा लावला:
मधोमध. जिथं दिवा, तिथंच पिवळा.
दोघांनी ओढूनही जागचा न हललेला.

मग मॅडमनी साधा बल्ब लावला, चिरेमागं.
पिवळा तिथंच, एका अंगाला हिरवा, निळा, जांभळा,
दुसऱ्या अंगाला नारंगी, तांबडा.
इरफान म्हणाला, आमच्या गावात
तांबडा अन् पांढरा वेगवेगळ्या वाट्यांत येतो;
हितं पांढऱ्यातच तांबडा हाय की ओ.
मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला.

बिल करायला बसलो.
पितळी नळी, एक नग.
पुढं सवयीनं लिहून गेलो: बाक काढला.
शाफ्टचा दर पाठ आहे मला.
दराचा रकाना
अजून कोराच आहे.