कैची

मंडळाची वही म्हणजे बापाचीच उरलेली वही,
पुढून चाळीस पानं लुगड्यांचा हिशेब.
मास्तरांनी ती मागून, उलटी सुरू केली:
पाय मुरगळला, पन्नास.
लंगडत गेला, दोनशे.
उचलून न्यावा लागला, पाचशे.
अक्षर देखणं होतं मास्तरांचं.
शाळेच्या फळ्यावर सुविचार तेच लिहायचे.

बाकीचंही चालायचंच.
वजनाच्या सकाळी थुंकून थुंकून
अर्धा किलो उतरवायचो.
मांड्यांना खोबरेल, वरून मैदानाची माती,
पंचाला चकाकी दिसू नये म्हणून.
याला आम्ही तयारी म्हणायचो.

खुशाल हेडाऊ. पाचपावलीचा.
चढाईला आला की त्याचा दम असा,
हातातून रीळ सुटलंय
आणि सूत संपतच नाही.
त्या रात्री गोळीबार चौकात मध्यंतरापर्यंत
एकट्याचे चौदा गुण.
मास्तरांनी मला पाण्याचा लोटा दिला.
म्हणाले, "नंदनवार, पाचशे."
एवढंच.
लोटा मी पूर्ण रिकामा केला.

डावा कोपरा माझा.
तो बोनस रेषेवर आला, मी घोटा धरला.
इथपर्यंत खेळ.
मग आमचे सगळेच त्याच्यावर कोसळले
आणि त्या ढिगाखाली, जिथं हॅलोजन पोचत नाही,
मी दोन्ही पायांची कैची घातली
नि वळलो.

आवाज शिट्टीच्या आधी आला.
फार मोठा नाही.
मागावर बसल्या बसल्या बाप दातानं सूत तोडायचा,
तेवढा.
त्याचं कबड्डी "कब"वर थांबलं.

पंचानं गुण आम्हाला दिला.

मेयोतल्या डॉक्टरनं त्याच्या आईला सांगितलं म्हणे,
गुडघ्यात एक दोरी असते, ती तुटली.
ती म्हणाली असेल, मग सांधा ना.
कोष्ट्याच्या घरातली बाई, दुसरं काय म्हणणार.
पण हे माझ्या मनाचं. मी मेयोत गेलोच नाही.
मी इतवारीत गेलो, पंखा घ्यायला.
तो अजून फिरतो.
मे महिन्यात भिंती तापतात, रात्री झोप येत नाही,
तेव्हा त्याखाली पडून राहतो.
न थांबता, एका दमात
काहीतरी म्हणत असतो तो.

परवा झिरो माइलच्या मेट्रो स्टेशनात
सरकता जिना बंद.
लिफ्टशी एक जण उभा, बँकेच्या गार्डचा गणवेश,
डाव्या पायावर भार न देता.
"काहून बे नंदनवार, ओळखत नाही का?"
दार लागलं. आत आम्ही दोघंच.
"तुझी पकड म्हणजे पकड होती राजा.
आजही पोट्ट्यांना सांगत असतो मी."
मी वरचे आकडे बघत राहिलो. दोनच मजले, पण किती हळू.
"माझा भाचा खेळते आता. मॅटवर. चढाई मस्त करते.
रविवारी ये ना. त्याले शिकव,
कैचीतून कसं सुटाचं ते."

कैची म्हणाला तो.
वहीत हा शब्द कुठंच नव्हता.

दार उघडलं. तो आधी पाय काढून, मग दुसरा ओढून
बाहेर पडला, मागं न बघता.

रविवारी गेलो.
पोरगं सतरा वर्षांचं, पायाला अजून लव नाही नीट.
खुशाल खुर्चीत, डावा पाय समोर लांब केलेला.
पोरानं दम घेतला, आला,
मी घोटा धरला. गरम होता,
आत काहीतरी बारीक उडत होतं.
"घट्ट धर बे," खुशाल म्हणाला.
मी धरला.
"अजून."