बारावा गडी

मी बारावा.
माझ्याकडे हवेचा पंप, लिंबांची पिशवी आणि वही.
वहीत तारीख, कुणाशी, गोल किती, मारले कुणी,
शेवटच्या रकान्यात चेंडूची तब्येत.
चेंडू एकच. लढाईच्या मोडीत निघालेल्या मालातनं
सुभेदार इंगवल्यांनी सव्वातीन रुपयांना आणलेला,
ब्लॅडरला सायकलच्या दुकानातली सात ठिगळं.
"इटलीत मलाबी एवढीच पडली," सुभेदार म्हणायचे
आणि स्वतः लंगडत आम्हाला रंकाळ्याभोवती पळवायचे.

सत्तेचाळीसचा नोव्हेंबर. गुऱ्हाळं लागलेली.
सरावाला उतरलो की वाऱ्यावर काकवीचा वास
आणि बाबालाल मुजावरचं, लेफ्ट आऊटचं, लक्ष उडायचं.
दौलू सरनोबत सेंटरला. नांगराच्या बैलागत सरळ जायचा,
वळायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
ओरडायचा मात्र असा, की पलीकडच्या पेठेतली कुत्री उठायची:
"टेंब्या, सोड!"
जिनाप्पा मगदूम हाफबॅक. मॅच लांबली, दिवस बुडाला,
की त्याचं त्या दिवशीचं जेवण बुडालं.

गोलात मुकुंद टेंबे.
शिट्टी व्हायच्या आधी चष्मा काढून माझ्या खिशात ठेवायचा.
"दिसतो का रे चेंडू?"
"ऐकू येतो."

सांगली, तीन शून्य.
मिरज, एक शून्य; चेंडू: आठवं ठिगळ.
वळिवड्याच्या छावणीतली पोलंडची पोरं, दोन दोन.
अनवाणी आम्ही, कॅनव्हासचे बूट त्यांना,
तरी पाय त्यांचेच जास्त सोललेले.
त्यांच्या गोलीला आम्ही झिबू म्हणायचो, खरं नाव जिभेवर बसेना.
गंगावेशीत त्याला म्हशीखालचं दूध पाजलं,
ओठावर फेसाची मिशी घेऊन तो हसला.
"तुझं गाव कुठं?" मुकुंदानं इंग्रजीत विचारलं.
झिबूनं हातानं हवेत काहीतरी पुसल्यासारखं केलं.

बेळगाव, दोन एक. दौलूचे दोन्ही,
पण मॅच राखली मुकुंदानं; शेवटच्या मिनिटाला पेनल्टी,
आणि तो डावीकडं पडला, चेंडू निघायच्या आधी.
दौलूनं त्याला खांद्यावर घेऊन स्टेशन गाठलं.
हेही मी लिहिलंय. रकाना नव्हता, समासात लिहिलं.

फायनल तालमीच्या संघाशी, रविवारी, एक फेब्रुवारीला.
शुक्रवारी संध्याकाळी सराव चालू असताना
कोणीतरी सायकल टाकून मैदानात पळत आलं.
दिल्लीचं नाव घेतलं. बापूंचं घेतलं.
सुभेदारांनी टोपी काढली.
चेंडू एकटाच कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.
मग मारणाऱ्याची जात कुणीतरी सांगितली
आणि आम्ही पांगलो. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

घरी गेल्यावर खिशात हात घातला,
चष्मा.
उद्या देऊ म्हटलं.

उद्या दुपारी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी
मी पोचलो तेव्हा माडी पेटली होती.
धूर गुळाच्या चुलवणाचा नव्हता, तरी तसाच सरळ वर जात होता.
गर्दीत आमच्या पट्ट्यांची एक जर्सी.
तेव्हा जर्सीवर नंबर नसायचे.
पाठ ओळखीची वाटली, मी ती ओळखली नाही.
मग एक आवाज आला, दोन शब्दांचा,
आणि वर जिन्यात कुणीतरी लहान भावंडाला घेऊन
डावीकडं वळलं, मागल्या परसात उडी टाकली.

घालवायला ओरडला, का वाचवायला,
हे मी दौलूला विचारलं नाही.
तो पुढं शेतीच करत राहिला.

एप्रिलात पुण्याहून पोस्टकार्ड:
"आम्ही सगळे बरे. चष्मा पाठवू नकोस, नवा केला.
त्या दिवशी मला काहीच दिसलं नाही,
सगळ्यांना तसं सांग. दौलूला मुद्दाम सांग.
फायनल पुढं कधी आहे?"

वहीत ती ओळ मी आखून ठेवली होती.
तारीख आहे, तालमीचं नाव आहे.
चेंडू: नऊ ठिगळं, हवा भरलेली.